आधी पाय, मग झेंडा

सांगली जिल्ह्यातल्या फुटबॉल पंचांना आणि लाइन्समनना खुले पत्र

पंच मित्रहो,

स. न. वि. वि.

परवा मिरजेत मॅच सुटल्यावर तुमच्यातला एक लाइन्समन मैदानाच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीजवळ एकटाच बसला होता. झेंडा गुंडाळून पिशवीत, बूट काढलेले, आणि पन्नास पावलांवर हरलेल्या बाजूची पोरं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. कारण नेहमीचंच, ऑफसाइड: पास सुटताना पुढचा खेळाडू, म्हणजे फॉरवर्ड, विरुद्ध बाजूच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूपेक्षा गोलच्या जवळ होता की नाही, आणि ते बघून लाइन्समननं झेंडा उचलला तो बरोबर की चूक. मीही हरलेल्या बाजूचाच. चार शब्द सुनवायचे म्हणून तरातरा निघालो होतो, पण जवळ गेल्यावर त्याची नडगी दिसली. टच लाइनला, म्हणजे मैदानाच्या लांबीच्या कडेच्या रेघेला, खेटून लावलेल्या कुणाच्या तरी मोटारसायकलवर आपटून सोलून निघालेली, तीही मॅच चालू असताना. मग काही बोललो नाही. त्याच्याशेजारी दोन मिनिटं उभा राहिलो आणि परत फिरलो. जे बोलायचं होतं ते इथं लिहितो आहे. लिहिताना लक्षात आलं, की त्यातलं निम्मं आम्हालाच लागू आहे.

आधी माझी ओळख, म्हणजे कुणाच्या तोंडून ऐकताय ते कळेल. मी सतरा वर्षं स्टॉपर बॅक, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, म्हणून खेळलो, आता शाळेच्या पोरांना शिकवतो. स्टॉपरला तीन गोष्टी याव्या लागतात: हेड, टॅकल आणि हात वर करणं. तिसरी मला सगळ्यात चांगली जमायची. आमच्या पाठीमागं थ्रू, म्हणजे बचाव भेदून जाणारा पास, पडला की बॉल कुठं, फॉरवर्ड कुठं हे न बघताच उजवा हात वर आणि घशाच्या शिरा ताणून "ऑफसाऽऽइड!" बऱ्याचदा झेंडा वर जायचा. तुमच्यातल्या कुणाच्या तरी चुलत्याला नाहीतर थोरल्या भावाला मी असं किती वेळा फसवलं, त्याचा हिशेब माझ्याकडं नाही. ही कला तशी जुनी. इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचा बिल मॅक्रॅकन नावाचा एक बॅक होऊन गेला. योग्य क्षणी दोन पावलं पुढं सरकून समोरच्याला ऑफसाइडमध्ये अडकवण्यात त्याचा इतका हात बसला होता, की मॅच बघणाऱ्यांना वैताग यायचा. तेव्हा फॉरवर्ड आणि गोललाइन यांच्यात विरुद्ध बाजूचे तीन खेळाडू लागायचे. १९२५ साली ते दोन केले. एका बॅकमुळं नियम बदलला असं म्हणणं जरा जास्तच होईल, पण आम्हा स्टॉपर लोकांना ते म्हणायला आवडतं.

तर मुद्दा. मॅच हरली की आपल्याकडं दोनच निदानं होतात. लाइन्समन विकला गेला, नाहीतर त्याला दिसत नाही. पहिल्याबद्दल मी बोलतच नाही. ज्या मानधनात तुम्ही ड्यूटी सांभाळून चार वाजता मैदानावर हजर होता, त्यात विकत घेण्यासारखं काय आहे ते शिव्या देणाऱ्यांनी सांगावं. दुसऱ्याबद्दल मात्र बोलायचं आहे. तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. घोळ आहे तो पायांचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी शाळेच्या मैदानावर एक उद्योग केला. फक्कीने मैदानाच्या आरपार आडवी रेघ मारली. रेघेवर दोन पोरं उभी केली. टच लाइनपासून २० मीटर आत बॅक, ४० मीटर आत फॉरवर्ड. दोघांचे अंगठे रेघेला टेकलेले. म्हणजे लेव्हल, आणि १९९० पासून लेव्हल म्हणजे ऑनसाइड. मी रेघेच्या टोकाला, टच लाइनवर उभा राहून मोबाइलवर फोटो काढला. मग एक मीटर गोलच्या बाजूला सरकून दुसरा काढला. मग रेघेच्या एक मीटर मागं, हाफ लाइनकडं, म्हणजे मैदानाच्या मधल्या रेघेकडं, जाऊन तिसरा. पहिल्या फोटोत दोघं एकामागं एक. दुसऱ्यात फॉरवर्ड चांगला मीटरभर पुढं. तिसऱ्यात तोच फॉरवर्ड मीटरभर मागं. पोरं जागची हलली नव्हती, शपथेवर सांगतो, एक तर उभ्या उभ्या पेंगत होता. हललो होतो मी.

नंतर फॉरवर्डला अलीकडं, माझ्यापासून १० मीटरवर आणून उभा केला, तर सगळं उलटं. आता मी गोलच्या बाजूला सरकलो की तो मागं दिसे, आणि मी मागं राहिलो की पुढं. म्हणजे लाइन्समन रेषेच्या पुढं गेला तर पलीकडच्या विंगरचा, म्हणजे कडेनं पळणाऱ्या फॉरवर्डचा, बळी जातो आणि अलीकडचा सुटतो. मागं राहिला तर अलीकडच्याचा बळी. नेदरलँड्सच्या संशोधकांनी हेच जरा रीतसर करून २००० साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापलं होतं. त्यांनी तर मुरलेले लाइन्समन घेतले होते. तेही शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत नसायचे, थोडे गोलच्या बाजूला सरकलेले असायचे, आणि त्यांचे झेंडे या भूमितीप्रमाणेच चुकायचे. तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. फक्त पुढच्या वेळी कुणी "चष्मा घ्या ओ!" ओरडला तर मनात म्हणा, चष्मा नको, दोन पावलं हवीत.

हे मी उंटावरून शेळ्या हाकत नाही. माझ्या हातूनही झालंय. दोन पावसाळ्यांपूर्वी चौदा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. नेमलेला लाइन्समन आला नाही आणि आयोजकांनी झेंडा माझ्या हातात कोंबला. माझी शाळा खेळत नव्हती, त्यामुळं नाही म्हणता येईना. कृष्णाकाठची काळी माती, रात्रभर पाऊस, प्रत्येक बुटाला शेर-शेर चिखल. झेंडा भिजून काठीला चिकटलेला. टच लाइनवर पालकांच्या छत्र्या, आणि डी, म्हणजे गोलसमोरची पेनल्टीची चौकट, जिथं सुरू होतो त्याच्या अगदी समोर, मला पळायचं होतं तिथंच, कणसं भाजणाऱ्याची गाडी. पेटलेल्या शेगडीसकट.

उत्तरार्धात बॅकलाइन मागं पळाली. मीही पळालो आणि गाडीपाशी थांबलो. बॅक माझ्या दोन-अडीच मीटर पुढं निघून गेलेले. तेवढ्यात मधून पास पडला आणि माझ्याच बाजूनं एक बुटका विंगर सुटला. ढगळ जर्सी, पाठीवर चिकटपट्टीनं केलेला ७ नंबर. मला तो स्पष्ट पुढं दिसला. झेंडा वर, शिट्टी. त्यानं शिट्टी ऐकली नाही, बॉल जाळ्यात मारला आणि दोन्ही हात पसरून पळत सुटला. कुणीतरी त्याला थांबवलं. मग तो माझ्याकडं आला. चिडलेला वगैरे नव्हता. म्हणाला, "सर, मी पुढं होतो व्हय?"

मी म्हणालो, "हातभर होतास."

रात्री व्हिडिओ आला. एक पोरगं कंपाउंडच्या भिंतीवर बसून मोबाइल धरून होतं, आणि योगायोग असा, की ते नेमकं बॅकच्या रेषेत होतं. पोरगा वीतभर मागं होता. त्याची शाळा शून्य-एकनं हरली. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही.

कणसाची गाडी आडवी आली हे खरं. पण तिला वळसा घालता आला असता. आणि त्याहून वाईट म्हणजे आपण मागं पडलोय हे मला कळत होतं, तरी मी झेंडा उचलला, वर "हातभर" म्हणून मापही सांगितलं. तेव्हापासून पोरांना रेफ्री करायला शिकवतो तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगतो: रेषेत नसशील तर झेंडा उचलायचा नाही. गोल गेला तर जाऊ दे.

रेषेत राहायचं कसं, तर कबड्डीतला कोपरा बघा. आपल्या जिल्ह्यात कबड्डी कुणाला शिकवायची? डावा कोपरा सांभाळणारा पोरगा चढाई करणाऱ्यावरची नजर काढत नाही, पायात पाय अडकू देत नाही, बाजूबाजूनं सरकतो. लाइन्समनलाही छाती मैदानाकडं ठेवून तसंच सरकायचं असतं. बॅक सुसाट पळाले तरच सरळ धाव घ्यायची. तुमच्यातले काही जण सरळ चालत जातात आणि मान वळवून बघतात, रस्त्यानं जाता जाता दुकानाची पाटी वाचावी तसं. चाळिशीनंतर गुडघे कुरकुरतात हे मला मान्य. माझेही कुरकुरतात.

रेषेत असूनही चुका होतात, ते वेगळं. फॉरवर्ड सेकंदाला ७ मीटर पुढं येतोय आणि बॅक ५ मीटरनं उलट दिशेला निघालाय, तर दोघं एकमेकांना सेकंदाला १२ मीटरनं पार करतात. सेकंदाच्या दहाव्या भागात सव्वा मीटरच्या आसपास फरक पडला. तेवढ्या वेळात डोळा पास देणाऱ्याकडून बॅकलाइनवर धड पोचतही नाही. पास देणारा, पास घेणारा, शेवटचे दोन बचावपटू आणि बॉल, हे पाचही एका क्षणी डोळ्यात मावत नाहीत, असं स्पेनमधल्या एका डॉक्टरनं २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडलं होतं. जुने लाइन्समन यावर म्हणायचे, डोळा लाइनवर आणि कान किकवर. चांगलं आहे, पण ४० मीटरवरच्या किकचा आवाज यायलाच सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि आपल्याकडं वर हलगी चालू असते. त्यात मेंदूची आणखी एक खोड. पळणारा माणूस आपल्याला तो असतो त्याहून किंचित पुढं दिसतो. यावरही लाइन्समनच्या संदर्भात अभ्यास झालेला आहे. म्हणजे चूक व्हायचीच तर ती फॉरवर्डच्या विरुद्ध होण्याकडं कल असतो. म्हणूनच शंका आली तर झेंडा खाली ठेवायचा. जन्मभर स्टॉपर खेळलेला माणूस हे लिहितोय, त्याला काय वाटत असेल याचा विचार करा.

आता दुसरी तक्रार, ही मात्र पूर्ण तुमची. झेंड्याची घाई.

ऑफसाइड जागेवर उभं राहणं हा गुन्हा नाही. नियमाच्या अकराव्या कलमाचं पहिलं वाक्यच ते आहे. खेळाडू त्या जागी असून बॉल खेळला, विरुद्ध खेळाडूला आडवा आला, किंवा पोस्टवरून, गोलकीपरच्या हातून परत आलेल्या बॉलचा फायदा घेतला, तर गुन्हा. एरवी तो तिथं बसून शेंगा खाऊ दे. आमच्या एका मॅचमध्ये आमचा सेंटर फॉरवर्ड पाय मुरगळून लंगडत परत येत होता, ऑफसाइड जागेवरून, बॉलकडं पाठ करून. पास गेला उजव्या विंगला. तिथला पोरगा स्वतःच्या हाफमधून पळत आलेला, त्याला ऑफसाइडचा संबंधच नाही. झेंडा कधी वर गेला? पास सुटला तेव्हाच. लंगडा दिसला, झेंडा उठला. विंगर बॉलपर्यंत पोचायच्या आत शिट्टी.

थांबायला दोन सेकंद लागतात. दोन सेकंदांत कोण बॉल खेळतोय ते कळतं. उशिरा उठलेल्या झेंड्यावर लोक ओरडतात हे मला माहीत आहे, "आत्ता जागा झाला काय लगा!" हे वाक्य मीही ओरडलोय. ओरडू द्या. ऑफसाइडमधला एकटाच बॉलमागं असेल, दुसरं कुणी पोचणारच नसेल, किंवा गोलकीपरशी धडक व्हायची भीती असेल, तेव्हा लवकर उचला. बाकी वेळी झेंडा मांडीला लावून धरा.

आणि शिट्टी झाल्यावर झेंडा लगेच टाकू नका. तिरका वर म्हणजे पलीकडचा खेळाडू, आडवा म्हणजे मधला, तिरका खाली म्हणजे अलीकडचा. हे दाखवलं की भांडणं अर्ध्यावर येतील. आपल्याकडं बऱ्याचदा झेंडा वर जातो आणि थेट खाली येतो. कुणाला दिला तेच कळत नाही. मग अकरा जणांना वाटतं, मलाच दिला.

आता आमचा, म्हणजे कोच मंडळींचा गाढवपणा, कारण त्याचा त्रास तुम्हालाच होतो. "बॅकला लागून आला, ऑफसाइड कसला?" हे आम्ही दर मॅचला ओरडतो. नुसता लागून आला तर ऑफसाइड राहतोच. बॅकनं बॉल समजून-उमजून खेळला, बॉल दुरून येताना त्याला दिसत होता, अंग सावरायला वेळ होता, तरच ऑफसाइड पुसला जातो. आणि गोल वाचवायला म्हणून अडवलेला बॉल त्यात धरत नाहीत. कॉर्नर, गोल किक आणि थ्रोवरून थेट आलेल्या बॉलला ऑफसाइड नसतो, तरी थ्रोवर हात वर करणारे बॅक मी माझ्याच संघात पाळलेत. आणि सगळ्यात घट्ट बसलेला समज म्हणजे गोलकीपर कुठंही असो, फॉरवर्डच्या पुढं एक बॅक असला की झालं. कतारच्या २०२२ च्या वर्ल्ड कपची पहिलीच मॅच आठवा. तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाचा गोल गेला आणि ऑफसाइड म्हणून रद्द झाला. आम्ही दहा-बारा जण टीव्हीपुढं बसलो होतो, सगळे कोच, सगळे एकमुखानं म्हणालो, कतारनं मॅच विकत घेतली. मागं एक बॅक स्पष्ट दिसत होता ना! पण गोलकीपर पुढं धावून आला होता. त्यामुळं मागं उरलेला तो बॅक शेवटचा धरायचा, आणि रेष शेवटून दुसऱ्याची लागते. इक्वेडोरच्या दुसऱ्या खेळाडूचा पाय त्या रेषेच्या पुढं होता. चहा संपेपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

त्याच स्पर्धेत छताखाली १२ कॅमेरे होते. प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा मोजत होते आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा खबर देत होता. हे वाचून आमच्यातले काही जण बैठकीत म्हणाले, आपणही कॅमेरा लावू. लावा की, पण आपल्या मैदानावर तो खांबाला बांधावा लागेल, आणि खांब रेषेत नसेल तर माझ्या दुसऱ्या फोटोसारखंच होईल. शिवाय कॅमेऱ्यानं सगळं सुटतं असंही नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला इंग्लंडमधल्या टॉटनहॅम-लिव्हरपूल मॅचमध्ये लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा गोल ऑनसाइड होता. व्हिडिओ बघणाऱ्यांनाही तो ऑनसाइडच दिसला. पण मैदानावर गोल दिलेला आहे अशी त्यांची समजूत, म्हणून त्यांनी सांगितलं, तपासणी पूर्ण. मैदानावर दिला होता ऑफसाइड. तोच कायम राहिला. यंत्रानं बरोबर दाखवलं, माणसांचं बोलणं चुकलं. आपल्याकडं लाइन्समन झेंडा धरून उभा असतो आणि रेफ्रीचं लक्ष नसतं. मग कंटाळून तो खाली घेतो, आणि तेवढ्यात रेफ्री बघतो. प्रकार तोच, फक्त कॅमेरे नाहीत. मॅचआधी दोन्ही लाइन्समन आणि रेफ्री पाच मिनिटं एकत्र उभे राहून ठरवत असाल, तर ते आम्हाला कधी दिसलेलं नाही.

आता आम्ही काय करणार ते. आम्ही काही कोच मंडळींनी ठरवलं आहे, की पुढच्या मोसमात आमच्या संघांच्या मॅच जिथं असतील तिथं टच लाइनच्या दोन मीटर मागं सुंभाची दोरी बांधू. खुंट्या आमच्या, दोरी आमची, आणि दोरीच्या आत आलेला पालक, मोटारसायकल, राखीव खेळाडू किंवा कणसाची गाडी हलवायचं कामही आमचं. तुम्ही फक्त दोरी बांधल्याशिवाय मॅच सुरू करू नका. रेफ्रीला तेवढा अधिकार आहे. एकदा अर्धा तास मॅच अडली की पुढच्या वेळी आयोजक आपणहून बांधतील. आणि आमच्या बाकावरून "ऑफसाइड!" असा आवाज आला तर आधी मला समज द्या. सवय जुनी आहे, सुटायला वेळ लागेल.

त्याआधी एक विनंती. येत्या रविवारी सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर या. कुठली शाळा ते तुमच्यातल्या निम्म्यांना माहीत आहे, त्यांनी बाकीच्यांना सांगावं. फक्की मारून ठेवतो, मोबाइल रेषेत लावतो. पोरं तीस वेळा पळतील, तुम्ही आळीपाळीनं झेंडा धरा आणि प्रत्येक वेळी लगेच फोटो बघा. चुकलेलं कुणी बाहेर सांगणार नाही. माझे आकडे मी आधी दाखवतो, ते बघून तुम्हाला धीर येईल.

तो ७ नंबरचा पोरगा आता नववीत आहे, उंची वाढली आहे, आणि पळायला यायला तयार आहे. त्यानं एकच अट घातली आहे, त्याच्या पाळीला झेंडा माझ्या हातात नको.

आपला,
मिरजेचा एक जुना स्टॉपर